स्तामेनाच्या दारातली झारी

मित्रांनो, तुमच्या घराच्या माळ्यावर एखादे जुने तांब्याचे भांडे पडले असेल, तर ते आज खाली काढा आणि त्यात पाणी भरून बघा. थेंब गळतो का, तेवढे बघा. मी हे का सांगते ते शेवटी कळेलच. मी स्वतः एक झारी आहे, तांब्याची, लांब मानेची, चोच जराशी डावीकडे वाकलेली. वय विचारू नका. आमच्या यावोरेत्स गावावर तुर्की सुलतानाचा अंमल होता तेव्हा मी जन्मले, एवढेच सांगते. त्यानंतर आमच्या गावाने इतके झेंडे पाहिले की शाळेचा शिपाई सकाळी झेंडा चढवण्याआधी कोणाला तरी विचारून घ्यायचा.

मला उस्ता, म्हणजे उस्ताद, फेरात तांबटाने घडवले. तांबटांच्या गल्लीत तेव्हा सकाळपासून ठोक्यांचा एवढा आवाज असे की भांडण करायचे असेल तर लोक दुसऱ्या गल्लीत जात. फेरातने माझे अंग एका पत्र्यातून काढले, तळ दुसऱ्यातून, आणि दोघांचा सांधा केला. आतून कथलाची कल्हई चढवली. मी पुढे जिच्या हाती आले त्या स्तामेनाच्या सासूची सासू मला विकत घ्यायला आली होती. तिला तो म्हणाला, "बाई, वर्षाला एकदा कल्हई करून घ्यायची. नाही केली आणि तळ सुटला, तर माझ्या नावानं बोंबलायला यायचं नाही." ती म्हणाली, "तू तोवर जिवंत असशील तर बोंबलेन ना!" दोघेही हसले. माझा जन्म असा हसण्यात झाला, हे मला अजून बरे वाटते.

आमच्याकडचे पुरुष गवंडी. डोंगरात शेत ते किती असणार? चार वाफे घेवडा, दोन वाफे मिरची. म्हणून वसंतात संत ग्योर्गीचा सण झाला की पुरुष कामाला परमुलखात निघत आणि शरदात संत दिमित्रीच्या सणाला परत येत. निघणाऱ्याच्या पाठीमागे घरच्या बाईने झारीतून पाणी ओतायचे, ही आमची रीत. पाण्यासारखा सहज जा, पाण्यासारखाच परत ये. पाणी वरच्या झऱ्याचे हवे, आणि माणूस तुतीच्या वळणाआड दिसेनासा होण्याआधी ओतले पाहिजे. निघालेल्याने वळणापर्यंत मागे वळून बघायचे नाही. वळण आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. हे अंतर लक्षात ठेवा.

हे माझे काम होते, आणि मी ते मिरवून केले. शेजारीपाजारीही मला मागून न्यायचे. "तुमची झारी द्या, तिच्या पाण्यानं गेलेला माणूस परत येतो," असे म्हणायचे. मला त्याचा गर्व झाला होता, खोटे कशाला बोलू? युद्ध आले तेव्हा सैनिक घराघरांतले तांबे गोळा करत फिरले. देवळाची घंटासुद्धा नेली. मला मात्र कोंबड्यांच्या खुराड्यात पुरून ठेवले होते. वर एक लाल कोंबडी खुडूक बसली होती. सैनिकाने हात घातला आणि तिने त्याला असे टोचले की तो शिव्या देत निघून गेला. माझा जीव एका कोंबडीने वाचवला. घंटेला कोंबडी नव्हती.

आता स्तामेनाची गोष्ट सांगते, कारण माझी गोष्ट म्हणजे तिचीच गोष्ट.

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा केवढी उमदी होती! झऱ्यावरून दोन्ही हातांत पाण्याची भांडी घेऊन धावत चढ चढायची. लग्नाला वर्ष झाले नाही तोच तिचा नवरा नाउम समुद्रापलीकडे निघाला. पोटात बाळ होते. स्तामेनाने मला काठोकाठ भरले आणि त्याच्यामागे इतके पाणी ओतले की दारात चिखल झाला. नाउमला वाट छान मिळाली. फारच छान मिळाली. आधी त्याचे निरोप आले, मग एक फोटो आला, मग काहीच आले नाही. पुढे परत आलेल्या एका गवंड्याने मान खाली घालून सांगितले की नाउमने तिकडे पावाची भट्टी टाकली आहे, पाव खूप खपतो, आणि पाव विकायला बसणारी बाई त्याची बायको आहे.

त्या दिवशी शेजारची त्रेना कुंपणावरून म्हणाली, "पाणी जरा जास्तच ओतलंस गं तू. असा वाहत गेला की थांबलाच नाही."

त्रेना वाईट नव्हती. तिच्या जिभेला हाड नव्हते, एवढेच. असे काही बोलून मग संध्याकाळी तीच गरम भाकरी घेऊन यायची. पण बोललेला शब्द स्तामेनाच्या मनात बी पडावे तसा पडला.

मुलाचे नाव अर्गीर. त्याला तिने एकटीने वाढवले. दुसऱ्यांची लोकर कातली, मिरच्या भाजल्या, लोकांच्या मयताला वाटायचा गहू शिजवला. अर्गीर मोठा झाला आणि जर्मनीत कामगार घेतात अशी बातमी गावात पोहोचली. एकेका घरातून पोरे निघू लागली. अर्गीरनेही पेटी बांधली.

"इथं काय कमी आहे तुला?" स्तामेना म्हणाली.

"इथं आहे काय, ते सांग आधी," तो म्हणाला. "दोन वर्षं, आई. घराला छप्पर घालू. मग आलोच."

"तुझा बाप पण 'आलोच' म्हणाला होता."

"मी बाप नाही."

"चालतोस त्याच्यासारखाच!"

तो रागावला. ती त्याहून रागावली.  दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन वरच्या झऱ्यावर गेली. पाणी धो धो वाहत होते, आणि तिने मला धारेखाली धरलेच नाही. ती नुसती उभी राहिली. मग स्वतःशीच बोलू लागली. "याच्या बापाला वाट चांगली मिळाली म्हणून तो गेला. याला नको मिळायला. याचं गाडं पहिल्याच गावात अडू दे. गाडी चुकू दे, काम न मिळू दे. आठ दिवसांत तोंड पाडून परत येईल. येऊ दे! मी घेवडा शिजवून ठेवीन."

मित्रांनो, आमच्या गावात कोणा आईने मुलामागे कोरडी झारी धरल्याचे मी ऐकले नव्हते. कोणाचे वाटोळे व्हावे असे वाटले तरच लोक तसे करायचे, चोरामागे, विश्वासघातक्यामागे. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण भांड्याला तोंड असते ते ओतायला.

तिने मला एप्रनखाली झाकून घरी आणले. अर्गीर उंबऱ्याबाहेर पडला, पेटी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. स्तामेनाने त्याच्याकडे न बघता, मान खाली घालून मला पालथे केले. माझ्यातून थेंबही पडला नाही. मी पालथी होते, म्हणून मला फक्त धूळ दिसली, कोरडी, त्याच्या पावलांची. त्याच्या पावलांचा आवाज येईनासा झाला तेव्हा तिने मला सरळ केले आणि घरात जाऊन खरेच घेवडा भिजत घातला.

आठ दिवसांनी तो घेवडा कोंबड्यांना टाकला.

अर्गीर परत आला नाही. उन्हाळ्यात जर्मनीला गेलेली बाकीची पोरे मोटारी घेऊन येत, भोंगे वाजवत, चौकात रकिया, आमच्याकडची फळांची दारू, पाजत. अर्गीर त्यांच्याबरोबर आईसाठी कॉफीचे पुडे पाठवी. स्वतः येत नसे. स्तामेना प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायची, "माझा कसा आहे?" आणि जे ऐकायला मिळे ते एकाहून एक वाईट असे. पहिल्या हिवाळ्यात तो बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि पाय अधू झाला. मग छातीचे दुखणे झाले. मग लग्न झाले आणि मोडले. प्रत्येक बातमीनंतर ती घरी येऊन मला मांडीवर घ्यायची आणि कपाळ बडवायची. "मी केलं. या हातांनी केलं. मी म्हटलं वाट अडू दे, तर पाय मोडला त्याचा! मी एवढं कुठं मागितलं होतं?"

हे तिने कोणाला सांगितले नाही. कोणाला सांगणार? मुलाची वाट कोरडी करणारी आई, असे गावाने म्हटले असते. तिच्यातले आणि माझ्यातलेच ते राहिले.

मग तिने रोज सकाळी पाणी ओतायला सुरुवात केली. झऱ्यावर जायचे, मला भरायचे, तुतीच्या वळणाकडे तोंड करून ओतायचे. पाऊस असो, बर्फ असो. एकदा त्रेनाने विचारले, "कोण गेलं आज?"

"कोणी नाही."

"मग पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओततेस?"

"मागाहून ओतलं तर चालत नाही का गं?" स्तामेनाने असे विचारले की मला वाटले, आता ही सगळे सांगून टाकणार.

त्रेना हसली. "माणूस दिसतोय तोवर ओतलं तर ते पाणी. दिसेनासा झाल्यावर ओतलं तर नुसता रस्ता धुणं. तो परत येऊन त्याच उंबऱ्यावरून पुन्हा गेला पाहिजे, तेव्हा ओत."

त्या दिवसापासून स्तामेनाला एकच ध्यास लागला. मुलाने परत येऊन आपल्याजवळ राहावे, ही आशा तिने सोडली. त्याने फक्त एकदा यावे, आणि पुन्हा जावे, आणि आपण त्याच्यामागे पाणी ओतावे. एवढेच. हात पसरून मागण्याइतकेही ते मोठे नव्हते, पण ते मिळत नव्हते.

इकडे गाव रिकामे होत होते. फेरातचा नातू दुकान बंद करून शहरात गेला. तांबटांच्या गल्लीत आता भांडायला हरकत नव्हती, पण भांडायला माणसेच नव्हती. शाळेत मुले कमी झाली, मग शाळा खालच्या गावाला जोडली. कल्हईवाला आधी वर्षाला यायचा, मग दोन वर्षांनी, मग आलाच नाही. माझ्या आतले कथील झिजले, हिरवे डाग पडले, आणि तळाचा सांधा सुटू लागला. स्तामेनाने त्यात मेण भरले. मेण किती दिवस टिकणार? झऱ्यावरून घरी येईपर्यंत माझे पोट अर्धे व्हायचे. तिची नजर अधू झाली होती, वाटेवर पडलेली ओल तिला दिसत नव्हती. मी हलकी लागले की तिला वाटायचे, आपल्याच हातात बळ आले. मी तिला कसे सांगणार?

आणि एका उन्हाळ्यात अर्गीर आला. न कळवता, बसने, लंगडत. केस पांढरे. स्तामेना मिरच्या निवडत होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितले, आणि उठता येईना म्हणून रांगत उंबऱ्यापर्यंत गेली.

तो तीन आठवडे राहिला. छपराची कौले बदलली, कुंपण दुरुस्त केले, खालच्या खोलीला चुना लावला. पण बोलणे म्हणाल तर शून्य. "जेवतोस?" "हं." "दुखतो का पाय?" "नाही." परक्या घरी कामाला आलेल्या गवंड्यासारखा तो वागत होता. स्तामेनाला त्याचेही दुःख नव्हते. ती त्याच्या जाण्याच्या दिवसाची वाट बघत होती. मुलगा जाणार म्हणून आनंदात असलेली आई मी तेवढी एकच पाहिली.

तो दिवस आला. ती झऱ्यावर गेली, मला काठोकाठ भरले, धावत म्हणावे अशी परत आली. मला उंबऱ्याजवळच्या दगडावर ठेवले आणि अंगावरचा एप्रन सारखा केला. अर्गीर पेटी घेऊन बाहेर आला. त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो थांबला.

"राहू दे, आई," तो म्हणाला. "त्या वेळी तर रिकामीच होती."

स्तामेनाने मला उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"मी मागं बघितलं होतं," तो म्हणाला. "वळणावर. बघू नये म्हणतात, तरी बघितलं. वाटलं, रागावलीय, एकदा तोंड तरी बघून घ्यावं. तर तू झारी पालथी धरून उभी. एक थेंब नाही. सख्ख्या आईनं माझी वाट कोरडी केली. मग कशाला यायचं होतं मी?"

मित्रांनो, मी ते त्या दिवशी पाहिले नव्हते, मी धुळीकडे बघत होते. एवढी वर्षे आम्ही दोघी समजत होतो की त्याला वाटेने अडवले. त्याला वाटेने अडवले नव्हते.

स्तामेना खाली बसली. मग तिने सगळे सांगितले. नाउमचे, त्रेनाच्या शब्दाचे, झऱ्यावरचे, भिजत घातलेल्या घेवड्याचे, मागाहून रोज ओतलेल्या पाण्याचे आणि त्यावर त्रेना काय म्हणाली त्याचे. "तू परत यावास म्हणून केलं रे! तुझं वाईट व्हावं म्हणून नाही. गाडी चुकावी एवढंच. पाय मोडावा असं नव्हतं म्हटलं मी!"

"मग सांगायचं नाही का?" अर्गीर ओरडला. "एवढ्या वर्षांत एकदा?"

"तू तरी विचारायचं नाही का?"

दोघे दारात बसून रडले. एकमेकांचे हात धरून, एकमेकांना दोष देत. खाली चौकात बसचा भोंगा वाजला. स्तामेना डोळे पुसत उठली. "ऊठ. जा. मी ओतते. आता नीट ओतते." अर्गीरने पेटी उचलली, चार पावले गेला. तिने दोन्ही हातांनी मला उचलले आणि कलते केले.

माझ्यात पाणी नव्हते. ती दोघे बोलत होती तेवढ्यात मी सगळी गळून गेले होते. दगडाखालची माती ओली झाली होती. चोचीतून एक थेंब आला, टोकावर लटकला आणि तिथेच राहिला.

तिने जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या पत्र्यात आहे. तिने मला हलवले, उलटे केले, छातीवर आपटले. "पुन्हा कोरडी! देवा, पुन्हा कोरडीच गेली!" बसने दुसरा भोंगा दिला. झरा वर होता आणि बस खाली. अर्गीर परत आला, तिच्या हातातून त्याने मला काढून घेतले, तळावर बोट फिरवले.

"सांधा गेलाय, आई. झारीचा दोष आहे, तुझा नाही. मी घेऊन जातो हिला. दुरुस्त करून आणतो. वसंतात, संत ग्योर्गीच्या सणाला. तेव्हा ओत. दार भिजेपर्यंत ओत."

आणि तो तिच्याकडे तोंड करून, उलटा चालत, लंगडत, वळणापर्यंत गेला. यावोरेत्समध्ये असे कधी कोणी गेले नव्हते.

मी जर्मनी पाहिली ती एका खोलीच्या खिडकीतून. त्याच्या कारखान्यात एक तुर्की म्हातारा होता, त्याच्या घरी तांबटकाम चालत आलेले. त्याने माझा सांधा जोडला, नवीन कल्हई केली. अर्गीर रोज कामावरून आला की मला भरून ठेवी आणि सकाळी उठून खाली बोट फिरवून बघे. कोरडे असे. आई दर रविवारी तिकडे टपाल कचेरीत येऊन थांबे, तो खोलीतल्या फोनवरून तिच्याशी बोले आणि दर वेळी सांगे, "गळत नाही." तिकडून ती काय म्हणायची ते मला ऐकू येत नसे, पण त्याचा चेहरा मी पाहत होते. तेवढे थोडे दिवस त्या दोघांना मिळाले.

वसंत यायला अजून अवकाश होता तेव्हा फोन आला. त्रेनाचा होता. बर्फात झऱ्याकडे जाताना स्तामेना पडली होती. हातात साधी बादली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिला शवपेटीत ठेवून झाले होते. त्रेनाने अडवून धरले होते, "मुलगा आल्याशिवाय माती द्यायची नाही, बर्फात काही बिघडत नाही." चार म्हातारे आणि खालच्या गावाहून आलेला पाद्री, एवढीच माणसे. पेटी उचलली. उंबऱ्याबाहेर काढली. मी अर्गीरच्या हातात होते, काठोकाठ भरलेली. तो पहाटेच वरच्या झऱ्यावर जाऊन बर्फ फोडून आला होता.

"अरे, हे काय करतोस?" पाद्री म्हणाला. "प्रेतामागं पाणी ओतत नाहीत. पाणी परत येणाऱ्यासाठी."

"वेडा झाला पोरगा," त्रेना म्हणाली. "अर्गीर, बाळा, असं नसतं करत. ती आता येणार आहे का?"

अर्गीर तिच्याकडे वळला. पेटी वळणाकडे चालली होती. "मावशी, दिसतेय ना ती अजून? दिसतेय तोवर ओतलं तर चालतं, असं तूच म्हणाली होतीस तिला."

त्रेनाने तोंडावर हात धरला. 

त्याने मला कलते केले. माझ्यातून धार निघाली, जाड, सरळ, चोच डावीकडे वाकडी असूनही सरळ. पाणी उंबऱ्यावरून रस्त्यावर गेले आणि जाता जाता गोठू लागले. तो शेवटच्या थेंबापर्यंत ओतत राहिला. पेटी वळणाआड गेली तेव्हा मी रिकामी झाले होते. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात इतके नीट पाणी मी कोणामागे ओतले नव्हते, आणि ते सगळे वाया गेले.

अर्गीरने जाताना मला त्रेनाकडे ठेवले. तो निघाला तेव्हा त्रेनाने त्याच्यामागे पाणी ओतले. तो वर्षातून एकदा येतो. आईच्या कबरीवर गहू ठेवतो आणि मला आत बोट घालून तपासतो. बाकीच्या वेळी मी त्रेनाच्या खिडकीत बसून वळण बघते. गावात आता जाणारेही उरले नाहीत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. भांड्याला वेळेवर कल्हई करा. आणि घरातले कोणी रागावून चालले असेल, तर त्याच्यामागे भांडे कोरडे धरू नका. धरलेच, तर धावत जाऊन सांगा की का धरले. स्तामेनाचे पाय तेव्हा चांगले होते. वळण हाकेच्या अंतरावर होते. अर्गीर तिथे थांबून मागे बघत होता. ती घरात घेवडा भिजवायला गेली.